मुंबईत खायचं तर घड्याळ बघून: पहिल्यांदा येणाऱ्यांसाठी दोन दिवसांचा आराखडा

मुंबईत काय खावं याच्या याद्या ढिगाने मिळतात. त्यात ठिकाणांची नावं असतात, वेळ नसते. मग माणूस अकरा वाजता मावा केक खायला जातो आणि रिकामे ट्रे बघून येतो. बेरी पुलाव खायला संध्याकाळी पोचतो तर दार बंद, आणि सोमवारी माटुंग्याला जाऊन कुलूप बघून परततो. इथे प्रत्येक पदार्थाचा एक तास ठरलेला आहे. त्यामुळे आधी घड्याळ लावायचं आणि नकाशा नंतर उघडायचा. पुढचा आराखडा त्याच हिशेबाने केलाय: एक दिवस दादर-माटुंग्याचा, एक दक्षिण मुंबईचा.

१. आधी वार ठरवा

सगळ्यात जास्त फजिती वारामुळेच होते.

सोमवारी माटुंग्याचं कॅफे मद्रास आणि रामा नायक यांचं उडिपी बंद असतं. घारापुरीची लेणीही सोमवारी बंद. बुधवारी भायखळ्याची राणीची बाग आणि तिथलंच भाऊ दाजी लाड संग्रहालय बंद. रविवारी फोर्टमधली बरीच जुनी हॉटेलं उघडत नाहीत, कारण त्यांचं गिऱ्हाईक म्हणजे ऑफिसवाले, आणि ते त्या दिवशी घरी असतात. शिवाय रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो, म्हणजे दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद. कुठली लाइन, किती वाजेपर्यंत, हे आदल्या दिवशीच्या पेपरात बघून घ्या.

मासे खायचे असतील तर आणखी एक गणित आहे. सोमवार, गुरुवार आणि शनिवारी अर्धी मराठी मुंबई मासे खात नाही. मालवणी खानावळीत त्या दिवशी जागा पटकन मिळते. रविवारी मात्र बाहेर पाऊण तास उभं राहायची तयारी ठेवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारीबंदी असते, त्या काळात ताटात येणारा मासा बहुतेक बर्फातला. तेव्हा कोंबडी-वडे मागवणं शहाणपणाचं.

दोन दिवसांसाठी सोयीची जोडी म्हणजे गुरुवार-शुक्रवार किंवा शुक्रवार-शनिवार.

२. सोबत काय हवं

- फोटो असलेलं ओळखपत्र. सामान ठेवताना आणि बारमध्ये वयाचा पुरावा म्हणून लागतं.
- बाहेरगावच्या गाडीने येत असाल तर ते तिकीट जपून ठेवा. सीएसएमटीच्या क्लोकरूममध्ये सामान ठेवायला ते दाखवावं लागतं. बॅगेला कुलूपही हवं, नुसती चेन ओढलेली बॅग घेत नाहीत.
- सुटे पैसे. यूपीआय टपरीवरही चालतं, पण काही जुन्या ठिकाणी आजही रोखच लागते.
- पाण्याची बाटली, रुमाल, पावसाळ्यात छत्री. मुंबईच्या पावसात छत्री डोकं वाचवते, चपला नाही. पटकन वाळतील अशाच घाला.
- रिकामं पोट. हे विनोदाने लिहिलेलं नाही. प्रत्येक ठिकाणी दोघांत एकच प्लेट घ्या, नाहीतर दुपारी बारापर्यंतच हात टेकाल.

३. लोकल समजून घ्या

रिक्षा माहीम आणि शीवच्या दक्षिणेला येत नाही. पलीकडे काळी-पिवळी टॅक्सी, बेस्टची बस, मेट्रो आणि लोकल. टॅक्सीचं किमान भाडं ३१ रुपये आहे आणि ते मीटरनेच द्यायचं. कोणी आधीच आकडा सांगू लागला तर पुढची टॅक्सी बघा. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो-३ ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली आणि तिने दादर, गिरगाव, काळबादेवी, सीएसएमटी, हुतात्मा चौक हे सगळं एका रेषेत आणून ठेवलं. तब्येत जपून फिरणाऱ्यांनी मेट्रोच घ्यावी.

तरी एकदा लोकलने जाच, पण अकरा ते चारच्या मध्ये. सकाळी गर्दी दक्षिणेकडे वाहते, संध्याकाळी उत्तरेकडे. तुम्ही उलट्या दिशेने निघालात तर बसायलासुद्धा मिळतं.

तिकीट रेलवन अ‍ॅपवर किंवा स्टेशनवरच्या मशीनवर काढा. अ‍ॅपचं तिकीट फलाटावर उभं राहून निघत नाही, स्टेशनात शिरण्याआधीच काढून ठेवा. एसी लोकलचं तिकीट वेगळं आणि फर्स्ट क्लासचं वेगळं. साध्या तिकिटावर चुकून फर्स्ट क्लासमध्ये चढलात तर टीसीला ‘माहीत नव्हतं’ हे कारण पुरत नाही.

इंडिकेटरवर तीन गोष्टी वाचायच्या: गाडी कुठे जाणार, जलद की धीमी, आणि किती डब्यांची. माटुंगा, ग्रँट रोड, मरीन लाइन्स इथे फक्त धीमी थांबते. संध्याकाळी दादरहून बोरिवलीला जायचं म्हणून विरार जलदमध्ये चढू नका. लांबच्या प्रवाशांची ती गाडी असते. आत शिराल, पण बोरिवलीला उतरायला कोणी जागा देणार नाही.

उतरण्याचंही एक तंत्र आहे. तुमचं स्टेशन यायच्या एक स्टेशन आधी दाराकडे सरका आणि पुढच्याला विचारा, ‘दादर उतरणार?’ तो हो म्हणाला तर त्याच्या पाठीला चिकटून राहा, नाही म्हणाला तर जागा बदलून घ्या. फलाट कुठल्या बाजूला येणार हेही त्यालाच विचारा. बॅग पाठीवर नको, छातीवर.

दादरला आणखी एक घोळ व्हायचा. पश्चिम आणि मध्य रेल्वेचे फलाट वेगवेगळे मोजले जात, त्यामुळे एकाच नंबरचे दोन फलाट होते. डिसेंबर २०२३ पासून सलग नंबर दिलेत: १ ते ७ पश्चिम, ८ ते १४ मध्य. जुना मुंबईकर अजून जुनाच नंबर सांगतो, म्हणून विचारताना नंबरऐवजी ‘चर्चगेटकडे जाणारी धीमी कुठे लागते’ असं विचारा.

४. पहिला दिवस, पहाटे साडेपाच ते दहा: फुलं आणि इडली

दादर पश्चिमेला स्टेशनबाहेरचा फूलबाजार उजाडायच्या आत भरात असतो. झेंडू, शेवंती, गुलछडी पोत्यांनी येते आणि किलोवर जाते. वाटेत उभं राहून फोटो काढू नका. डोक्यावर ओझं घेतलेला माणूस ‘बाजू, बाजू’ ओरडत येतो आणि खरंच थांबत नाही. आठनंतर इथे जाण्यात मजा नाही.

तिथून मध्य रेल्वेच्या धीम्या गाडीने कुर्ल्याच्या दिशेला पुढचंच स्टेशन माटुंगा. सावध राहा, पश्चिम रेल्वेवर ‘माटुंगा रोड’ नावाचं दुसरं स्टेशन आहे. तिथे उतरलात तर पूल ओलांडून बरंच चालावं लागतं. खायची ठिकाणं मध्य रेल्वेच्या माटुंग्याला पूर्वेला आहेत.

राम आश्रय (१९३९) पहाटेच उघडतं. फळ्यावर आजचे पदार्थ लिहिलेले असतात. उपमा, रवा डोसा आणि अननसाचा शिरा असेल तर तो आधी सांगून ठेवा, संपतो. कॅफे मद्रासला (१९४०) बाहेर एक माणूस नावं लिहून घेतो. रांगेत उभं राहण्याआधी त्याला नाव आणि माणसांची संख्या सांगा, नाहीतर अर्धा तास उगीच उभे राहाल. रसम वडा, पोडी इडली आणि नाचणीचा डोसा ही तिथली खासियत.

टेबल परक्या माणसासोबत वाटून घ्यावं लागतं, त्यात कोणी संकोचत नाही. फिल्टर कॉफी वाटी-पेल्यात येते. पेल्यातली कॉफी वाटीत ओतायची, परत पेल्यात, दोन-तीनदा. त्याने ती पिण्याजोगी गार होते आणि तळाची साखरही मिसळते. कॉफी संपली की उठायचं. बाहेर वीस माणसं तुमच्या खुर्चीकडे बघत असतात.

पोट जड झालं असेल तर पारशी कॉलनीतल्या फाइव्ह गार्डन्सपर्यंत चालत जा. झाडं मोठी, रस्ते शांत, बाकं भरपूर.

५. पहिल्या दिवसाचं दुपारचं जेवण: मालवणी ताट

दादर पश्चिमेला शिवाजी पार्क ते गोखले रोड या पट्ट्यात सिंधुदुर्ग, चैतन्य, गोमंतक अशा खानावळी आहेत. साडेबाराच्या आत पोचा. एकनंतर रांग लागते आणि अडीचनंतर चांगला मासा संपलेला असतो.

सुरमई किंवा पापलेटचा भाव तुकड्याच्या आकारावर आणि त्या दिवशीच्या बाजारावर असतो. मागवण्याआधी ‘आज काय भाव?’ असं सरळ विचारा. यात कमीपणा नाही, सगळेच विचारतात.

पहिल्यांदा येणाऱ्याने सुरमईपेक्षा बोंबील मागवावा असं माझं मत. सुरमई कुठेही मिळते. ओला बोंबील पाण्याने भरलेला, लिबलिबीत मासा. तो उभा चिरून उलगडतात, काटा काढतात आणि वजनाखाली दाबून त्यातलं पाणी काढतात. मग मीठ, हळद, तिखट, कोकमाचं आगळ लावून रव्यात घोळवून तळतात. नीट जमला तर बाहेरून कुरकुरीत आणि आत जवळजवळ साय. पाणी नीट काढलं नसेल तर रव्याचं कवच सुटून येतं आणि आत लगदा होतो. ताट आलं की बोंबील आधी खा, पाच मिनिटांत तो मऊ पडतो. सोबत सुक्या तिसऱ्या (शिंपल्या), तांदळाची भाकरी किंवा वडे.

सोलकढी पाणी म्हणून सुरुवातीला गटागट पिऊ नका. शेवटच्या भातावर थोडी घ्या, उरलेली प्या. आमसुलाचा रंग फिकट गुलाबी असतो. ताटात भडक गुलाबी वाटी आली तर रंग घातलेला समजा.

दुपारी झोपा. हा आराखड्याचाच भाग आहे.

६. पहिल्या दिवसाची संध्याकाळ: शिवाजी पार्क

पाचला शिवाजी पार्कच्या कट्ट्याला एक फेरी मारा. आत एकाच वेळी क्रिकेटचे दहा-पंधरा डाव चाललेले असतात आणि कुठला चेंडू कोणाचा हे त्यांनाच कळतं. तिथून पाच मिनिटांवर समुद्र आणि चैत्यभूमी.

खायला प्रकाश आणि आस्वाद. प्रकाशमध्ये साबुदाणा वडा आणि पियुष. पियुष म्हणजे श्रीखंडाचं पातळ रूप, केशर-जायफळ घातलेलं, दोघांत एक पेला पुरतो. आस्वादच्या मिसळीला २०१५ मध्ये लंडनच्या एका स्पर्धेत जगातला सर्वोत्तम शाकाहारी पदार्थ ठरवलं होतं. पुणेकर-कोल्हापूरकरांना ते अजून पटलेलं नाही. तिखटाची तयारी नसेल तर मिसळीऐवजी लोण्याचा गोळा ठेवलेलं थालीपीठ घ्या.

वडापाव याच भागातला. साठच्या दशकात दादर स्टेशनबाहेर तो सुरू झाला असं सांगतात. कुठल्या गाडीवर खायचा याचा नियम साधा: जिथे वडे कढईतून निघून थेट पावात जातायत तिथे. रचून ठेवलेला वडा कितीही नावाजलेल्या दुकानातला असो, गारच. सुकी लसणीची चटणी जास्त मागा, तळलेली मिरची मीठ लावून मध्ये मध्ये चावा. गोड चटणी नको असेल तर आधीच सांगा.

नाटकाची आवड असेल तर शिवाजी मंदिर नाट्यगृहाचा बोर्ड बघून ठेवा. रात्रीचा प्रयोग मिळाला तर दिवस सार्थकी लागतो.

७. दुसरा दिवस, सकाळी आठ: इराण्याकडे

ग्रँट रोड स्टेशनच्या पूर्वेला समोरच बी. मेरवान (१९१४). निघण्याआधी ते चालू आहे ना, हे विचारून घ्या. मावा केक इथलाच. सकाळी लवकर गेलात तर कोमट मिळतो, दहाच्या सुमारास संपलेला असू शकतो. परगावी न्यायचा असेल तरी आत्ताच बांधून घ्या, संध्याकाळी येऊन काही हाती लागणार नाही.

मग धीम्या लोकलने मरीन लाइन्स आणि पायी मेट्रो सिनेमासमोरचं कयानी (१९०४). संगमरवरी टॉपची टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बरण्यांत बिस्किटं. मागवताना दोन शब्दांत गल्लत होते: ‘बन’ म्हणजे मऊ, किंचित गोड पाव आणि ‘ब्रून’ म्हणजे कडक कवचाचा पाव. ब्रून मस्का कोरडा चावलात तर टाळू सोलून निघतं. तो चहात बुडवायचा, दोनच सेकंद. जास्त ठेवला तर तुटून कपात बसतो आणि वर लोण्याचे डोळे तरंगतात. चहा दाट हवा असेल तर ‘पानी कम’ म्हणा. भूक असेल तर अकुरी (पारशी पद्धतीची अंडाभुर्जी) किंवा खिमा-पाव, पण दुपारचं जेवण विसरू नका.

८. नऊ ते साडेबारा: फोर्टमध्ये पायी

कयानीपासून सीएसएमटी पायी पंधरा मिनिटं. स्टेशनची इमारत १८८८ मध्ये पूर्ण झाली, वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स. समोरचं महापालिकेचं मुख्यालयही त्यांचंच (१८९३). दोन्ही एकत्र बघायची तर महापालिकेच्या कोपऱ्यावर उभे राहा. रस्ता वरून ओलांडायचा प्रयत्न करू नका, भुयारी मार्ग घ्या. त्याला फाटे बरेच आहेत, पाट्या वाचून बाहेर पडा.

तिथून हुतात्मा चौक, हॉर्निमन सर्कल आणि १८३३ च्या टाउन हॉलच्या पायऱ्या, म्हणजे एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयाच्या. मग काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. संग्रहालय सव्वादहाला उघडतं, नीट बघायला दीड तास हवा. स्वच्छ स्वच्छतागृहही इथेच मिळतं, संधी सोडू नका.

वेळ कमी पडत असेल तर बाकी काही गाळा, ओव्हल मैदान गाळू नका. मधली पायवाट धरून मध्यावर थांबा. एका बाजूला उच्च न्यायालय आणि राजाबाई टॉवर, टोकदार कमानींचे दगडी गॉथिक. दुसऱ्या बाजूला १९३०-४० मधल्या गोलसर बाल्कन्यांच्या आर्ट डेको इमारती. २०१८ मध्ये युनेस्कोने या दोन्ही रांगा मिळून जागतिक वारशात घेतल्या.

९. दुपारी: एकच निवडा

ब्रिटानिया (१९२३), बॅलार्ड इस्टेट. मुख्यतः दुपारच्या जेवणाचं ठिकाण. बेरी पुलावमध्ये आंबट-गोड झरश्क म्हणजे इराणी बेरी वर पेरतात. एक प्लेट दोघांना पुरते. सोबत पालनजींचा रास्पबेरी सोडा, शेवटी कॅरमल कस्टर्ड.

किंवा श्री ठाकर भोजनालय (१९४५), काळबादेवीच्या गल्लीत, जिना चढून वर. गुजराती थाळी, वाढपी थांबत नाहीत. नको असेल तर तोंडाने ‘नको’ म्हणून उपयोग नाही, ताटावर हात आडवा धरा. पहिल्या पाच मिनिटांत फरसाण आणि पुरीवर पोट भरणं ही नवख्याची ठरलेली चूक. उन्हाळ्यात आमरस असतो, त्याला जागा ठेवा.

दोन्ही एका दिवसात जमत नाही.

१०. संध्याकाळ: पाणी आणि पेला

ऊन उतरलं की गेटवे (१९२४) आणि मागे ताज (१९०३). घारापुरीची बोट इथूनच सुटते, पण जायला तास आणि यायला तास, तिला वेगळी सकाळ द्या. नंतर चर्चगेटला के. रुस्तममधून दोन वेफरमध्ये दाबलेला आइस्क्रीमचा चौकोन घ्या आणि मरीन ड्राइव्हला चालत जा. हातातलं वितळायच्या आत समुद्र येतो. पावसाळ्यात भरतीच्या वेळी कठड्याखालच्या काँक्रीटच्या चौपायी ठोकळ्यांवर उतरू नका. दरवर्षी माणसं वाहून जातात.

प्यायचं असेल तर नियम ठाऊक असू द्या. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ आणि बाकी दारूसाठी २५ वर्षं पूर्ण लागतात. २ ऑक्टोबरला आणि मतदान संपण्याआधीचे ४८ तास कोरडे दिवस असतात. कुलाब्यात लिओपोल्ड (१८७१) आणि मारिओ मिरांडांच्या चित्रांनी भरलेलं माँडेगर पर्यटकांनी गजबजलेलं, भावही तसे. ताजच्या मागे गोकुळ हे साधं परमिट रूम. तिथे नॉन-एसी भागात तीच बाटली स्वस्त पडते, म्हणून बसण्याआधी कुठल्या भागात बसतोय ते बघा. क्वार्टर म्हणजे १८० मिली. तिघांत एक क्वार्टर मागवणं पेगपेग मागवण्यापेक्षा बहुधा स्वस्त पडतं.

११. रात्र: मोहम्मद अली रोड

मीनारा मशिदीची गल्ली नऊनंतर जागी होते. रमजानमध्ये तर पहाटेपर्यंत, पण तेव्हा चालायलाही जागा नसते. नूर मोहम्मदीची नल्ली निहारी, सुलेमान उस्मान यांचा मालपुवा आणि मातीच्या कुल्हडातली फिरनी. मालपुवा एक प्लेट चौघांत घ्या, त्यात अंडी असतात हे न खाणाऱ्यांना आधी सांगा. बोहरी मोहल्ल्यातलं ताज आइस्क्रीम अजून हाताच्या संचात घुसळतात, सीताफळाचा हंगाम असेल तर तेच.

परतीची लोकल साडेबाराच्या आत पकडा. एकनंतर गाड्या थांबतात ते चारच्या सुमारास पुन्हा सुरू होतात. मधल्या वेळेत काळी-पिवळी आहे, पण मध्यरात्र ते पहाटे पाच मीटरवर २५ टक्के जादा.